हरलेला सेनापती

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याची कितीतरी कुटुंबे शिवनेरीला जातात. चाकण, मंचर, नारायणगाव अशी गावे मागे टाकीत गाडी जुन्नरला पोचते. या मुलखात शिवजन्माची आठवण सर्वांनाच होते. मला तिच्याबरोबर बापू गोखलेही आठवतात.

१८१७ सालची दिवाळी चार दिवसांवर आली होती. ५ नोव्हेंबरला खडकीवर फौजा समोरासमोर ठाकल्या. दुसरे बाजीराव पर्वतीवर होते. ‘पहिली तोफ आपली नको’ असा निरोप त्यांनी सेनापतीकडे धाडला. निरोप्या दिसताच बापूंनी काय ते ओळखले आणि तो पोचण्याआधीच तोफांना बत्ती दिली, असे ग्रँट डफ लिहितो. धनी आणि सेनापती यांच्यातले सारे अंतर या एका गोष्टीत आले!

बापू काही नवशिके नव्हते. १८०० साली धोंड्या वाघाशी लढताना चुलते धोंडोपंत पडले. त्याच वर्षी धोंड्याच्या पाठलागात बापू आर्थर वेलस्लीच्या बाजूने लढले. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच वेलस्ली.

पुणे गेले आणि पळापळ सुरू झाली. डिसेंबरात बाजीराव जुन्नरच्या डोंगराळ मुलखात आले. त्रिंबकजी डेंगळे येऊन मिळाले. भोवती शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन असे गड उभे. पण तिथेही पाय रोवणे झाले नाही. फौज पुन्हा दक्षिणेला वळली, चाकणवरून कोरेगावला आली. १ जानेवारी १८१८ रोजी तिथल्या मूठभर पलटणीने दिवसभर गाव सोडले नाही.

२० फेब्रुवारीला सोलापूरकडच्या आष्टीला जनरल स्मिथने गाठले. बाजीराव निसटले, बापू थोड्या स्वारांनिशी शत्रूवर तुटून पडले आणि तिथेच ठार झाले. बाजीरावांनी जूनमध्ये शरणागती पत्करली आणि सालीना आठ लाखांच्या तनख्यावर १८५१ पर्यंत बिठूरला काढली.

ऑस्ट्रियाचा राडेत्स्की ८१व्या वर्षी कुस्तोझाला जिंकला. स्ट्राउसने त्याच्या नावाची लष्करी धून रचली. ती अजून वाजते. हरलेल्यांच्या धुना कोण रचणार?

‘अशा धन्यापायी मरण्यात शहाणपण कसले?’ असे विद्यार्थी मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. स्वामिनिष्ठा आंधळी असू नये, हे मलाही पटते. पण वरचा माणूस कच्चा निघाला की आपणही अंग काढून घ्यावे, ही सबब आपल्या घरांत, कचेऱ्यांत रोज ऐकू येते. बापूंनी ती सांगितली नाही. धन्याची भीती त्यांनी स्वतःच्या अंगाला लागू दिली नाही, एवढे मी विद्यार्थ्यांना सांगतो.