रिकाम्या खुर्च्यांची विद्यापीठे

जून-जुलै उजाडला, की राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांच्या एकसारख्या जाहिराती निघू लागतात. पद सहायक प्राध्यापकाचे, पात्रता नेट, सेट किंवा पीएच.डी. आणि नेमणूक अकरा महिन्यांच्या कराराने किंवा तासिका तत्त्वावर. तिशी ओलांडलेले, काही तर चाळिशीला टेकलेले उमेदवार प्रमाणपत्रांची तीच फाइल घेऊन त्याच विभागात पुन्हा मुलाखतीला बसतात. गेल्या वर्षी आपणच शिकवलेल्या विद्यार्थ्यांना पुढे शिकवण्यासाठी त्यांना नव्याने निवडून यावे लागते. अडीअडचणीपुरती केलेली ही सोय आता रीत होऊन बसली आहे. ती मोडलीच पाहिजे.

नियमांना हे मान्य नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी कंत्राटी नेमणुकांना एकूण अध्यापकपदांच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सहायक प्राध्यापकाच्या ४० तासांच्या आठवड्यात १६ तास प्रत्यक्ष अध्यापनाचे धरले होते. उरलेला वेळ तयारी, वाचन, संशोधन आणि मार्गदर्शनासाठी. दोन-तीनच कायम अध्यापक उरलेल्या विभागात हा हिशेब टिकत नाही. प्रवेश, अभ्यास मंडळ, नॅकचा अहवाल, नव्या शैक्षणिक धोरणाची श्रेयांक रचना, प्रश्नपत्रिका आणि पेपर तपासणी हे सगळे त्याच दोघा-तिघांवर येते. तासिकेवरच्या अध्यापकाला तास झाला तरच पैसे. उन्हाळ्याची सुटी त्याच्यासाठी बिनपगारी असते आणि झालेल्या तासांचे मानधनही कित्येकदा महिनोन्‌महिने अडकते.

याचा फटका संशोधनालाही बसतो. आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.चे मार्गदर्शक कायम अध्यापकच होऊ शकतात. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला, की नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे एक प्राध्यापक निवृत्त झाला आणि जागा भरली नाही, तर आठ संशोधकांची दारे बंद होतात.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे हाल याहून वेगळे नाहीत, पण त्यांच्याविषयी बोलले जाते ते आणखी कमी. परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात, बैठक क्रमांक झाकले जातात, गुण चढवले जातात, अंतर्गत गुणांशी मेळ घातला जातो. एका महाविद्यालयाने गुण उशिरा पाठवले तरी निकाल राखीव राहतो आणि एसटीने दूरवरून आलेला विद्यार्थी खिडकीपाशी उभा राहून जाब विचारतो तो समोरच्या लिपिकालाच. तो लिपिकही अनेकदा कंत्राटीच असतो. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने निकालासाठी ३० दिवसांचे उद्दिष्ट आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत घातली आहे. मुदत कायदा घालतो, ती पाळायची माणसांनी. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने पुरेशा तयारीविना संगणकावर पेपर तपासणी सुरू केली, निकाल कित्येक महिने रखडले आणि कुलगुरूंना पद गमवावे लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. विद्यापीठ कोणाच्या बळावर उभे आहे, हे त्या दिवसांत सर्वांना दिसले.

ही विद्यापीठे कोणासाठी काढली, याचा विसर पडू नये. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांना हैदराबादच्या उस्मानियाकडे पाहावे लागत होते, म्हणून १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मुलांना नागपूर लांब पडे, म्हणून २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ आले. इथे येणाऱ्या कित्येक मुली घरातल्या पहिल्या पदवीधर असतात. त्यांना खासगी विद्यापीठाचे शुल्क झेपणारे नाही. त्यांना वर्षभर टिकून राहणारा अध्यापक मिळाला नाही, तर दुसरीकडे जाण्याची वाटही नाही.

पैसा नाही, हे सरकारचे नेहमीचे उत्तर. आपल्या महसुलातून राज्याला अनेक जबाबदाऱ्या निभवायच्या आहेत, हे खरेच. पण मंजूर आकृतिबंधातली पदे सरकारनेच गरज तपासून ठरवलेली असतात. ती वित्त विभागाची परवानगी, आरक्षणाच्या बिंदुनामावलीची तपासणी आणि निवड समितीवरच्या नियुक्त्या यांत वर्षानुवर्षे अडकतात. अध्यापकाच्या निवृत्तीची तारीख तो रुजू होतो त्या दिवशीच ठरलेली असते. मग भरतीची प्रक्रिया त्याआधी वर्षभर सुरू करायला काय हरकत आहे? प्रत्येक विद्यापीठाने दरवर्षी रिक्त पदांची विभागवार यादी आणि भरतीचे वेळापत्रक जाहीर करावे. सरकारने ठरावीक मुदतीत मान्यता द्यावी. विलंब झाला तर त्याची लेखी कारणे विधिमंडळापुढे ठेवावीत. पदे भरेपर्यंत तासिकेवरच्या अध्यापकांना बाराही महिने मासिक वेतन मिळावे आणि त्यांचा अनुभव भरतीत धरला जावा. या मागण्या मान्य करणे म्हणजे कर्मचाऱ्यांवर मेहेरबानी नाही. सार्वजनिक विद्यापीठात प्रवेश देऊन राज्याने विद्यार्थ्याला शिक्षणाचा शब्द दिला आहे, आणि पदे भरल्याशिवाय तो पाळता येणार नाही.