झिरो पाहिलात, आता इंजिन बंद करा

घाटकोपरच्या कुठल्याही पेट्रोल पंपावर एक नियम न चुकता पाळला जातो. नोझल टाकीत घालण्याआधी पंपावरचा मुलगा मीटरकडे बोट करतो, "मॅडम, झिरो देख लो" म्हणतो, आणि आपण मान वळवून, डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढून झिरो बघतो. उरलेले नियम पाट्यांवर असतात. इंजिन बंद करा, धूम्रपान करू नका, मोबाइल वापरू नका. पाट्या मराठी, हिंदी आणि इंग्रजीत असतात आणि तिन्ही भाषा येणारे लोक त्यांच्याकडे सारख्याच निष्ठेने दुर्लक्ष करतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या नियमात आपले पैसे अडकलेत तो आपण डोळ्यांत तेल घालून पाळतो. ज्यात मागच्या माणसाचा वेळ आणि सगळ्यांचा जीव अडकलाय, तो नियम आपल्या लेखी नसतोच.

मी पंतनगरला राहते, बँकेतून निवृत्त झाले आहे आणि गाडी स्वतः चालवते. हे सांगायचं कारण म्हणजे शेजारी आमचे हे बसलेले असले, की पंपावरचा मुलगा माझ्या खिडकीशी उभा राहतो आणि वाकून त्यांना विचारतो, "साब, कितने का?" ह्यांना आमच्या गाडीची टाकी डाव्या बाजूला आहे की उजव्या, हे आजतागायत सांगता आलेलं नाही. पण ते असो. बँकेत काउंटरवर आयुष्य गेल्यामुळे रांग हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

आधी झिरोबद्दल. तो बघायलाच हवा. मागच्या गिऱ्हाइकाच्या आकड्यावरून मीटर पुढे सुरू करायचं, किंवा दोनशेवर थांबवून "अरे, पाचशे बोला था क्या?" म्हणत उरलेलं टाकताना गोंधळ घालायचा, हे प्रकार मुंबईकरांना नवे नाहीत. एकाने नोझल धरायचं आणि दुसऱ्याने त्याच वेळी खिडकीशी येऊन इंजिन साफ करणारी बाटली नाहीतर महागडं "पॉवर" पेट्रोल खपवायचं, हीही जुनी जोडगोळी. 2017 साली तर उत्तर प्रदेशात पंपांच्या यंत्रात चिप बसवून माप मारत असल्याचं उघड झालं आणि पाठोपाठ ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने महाराष्ट्रातल्या अनेक पंपांवर छापे घातले. चिप बसवलेल्या यंत्रावरही झिरो बरोबर झिरोच दिसतो. म्हणजे आपण ज्याच्यावर एवढा जीव टाकतो, तो झिरो पुरेसा नाही.

त्यापुढे काय करता येतं हे मात्र फार थोडे लोक जाणतात. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं. संशय आला तर "पाच लिटरच्या मापात भरून दाखवा" असं सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे. पाच लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक कायद्याला चालतो, त्याहून जास्त नाही. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपर मागावा. त्यावर पेट्रोलचा थेंब टाकला की शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं, डाग राहत नाही. तक्रारवही, प्रथमोपचाराची पेटी, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह आणि चाकांत मोफत हवा हे सगळं तेल कंपन्यांच्या नियमावलीतच आहे. आमच्या भागातल्या एका पंपावर हवेचा पाइप गुंडाळून खिळ्याला अडकवलेला असतो आणि स्वच्छतागृहाची किल्ली "मॅनेजर साब" जवळ असते. साब नेहमी जेवायला गेलेले असतात. बाईमाणसाने ती किल्ली मागितली की चार माणसं वळून बघतात. झिरो बघणाऱ्यांपैकी दहातल्या एकाने जरी ही किल्ली आणि तो पाइप मागायला सुरुवात केली, तरी पंपमालकांना जाग येईल.

आता 25 मिलिलिटरचा हिशेब आपल्या बाजूने करून बघू. लहान पेट्रोल गाडी एसी लावून जागेवर उभी असली, तर तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल जाळते. म्हणजे मिनिटाला साडेबारा मिलिलिटर. पंपाच्या रांगेत दहा मिनिटं एसी चालू ठेवून बसलेला गृहस्थ सव्वाशे मिलिलिटर धुरात घालवतो आणि मग खाली उतरून 25 मिलिलिटरसाठी मीटरवर नजर रोखतो. वीस लिटर भरताना मापात कायद्याने चालेल एवढी जास्तीत जास्त तूट आली, तरी ती शंभर मिलिलिटर असेल. त्याहून जास्त तो रांगेतच गमावून बसला. ही रांग लांबवली कोणी? त्याच्यासारख्याच पुढच्यांनी.

पुढच्यांचं काय चालतं ते मी काचेतून बघत असते. पहिल्याची टाकी भरून झाली, नोझल परत खांबावर गेलं, गाडी मात्र जागची हलत नाही. आधी पाकीट शोधायचं. मग दोन कार्डांपैकी कशावर पॉइंट मिळतात ते आठवायचं. मग फोन काढून स्कॅन करायचं, नेटवर्क नाही म्हणून हात वर धरायचा, पैसे गेल्याचा आवाज येईपर्यंत थांबायचं, पावती मागायची, ती नीट घडी घालून ठेवायची. मग बायकोला विचारायचं, "हवा भरायची का?" एवढ्यात मागच्या दोन गाड्या सहज भरून निघाल्या असत्या. दुसऱ्या गाडीची टाकी पलीकडच्या बाजूला. डॅशबोर्डवर पेट्रोलच्या काट्याशेजारी पंपाचं जे छोटं चित्र असतं, त्याला बहुतेक गाड्यांत टाकीच्या दिशेने एक बाण असतो. तो बघायचे कष्ट न घेतल्यामुळे नळी गाडीच्या टपावरून ताणून घ्यायची, नाहीतर सगळ्यांना मागे सारून गाडी वळवायची. तिसऱ्याला राउंड फिगर हवी. टाकी फुल करायला सांगितलेली असते, मीटर अठराशेच्या पुढे कुठेतरी थांबतं आणि हा म्हणतो, "दो हजार कर दो." मग मुलगा गाडी हलवून, नोझल दाबून दाबून ठिबक ठिबक पेट्रोल आत घालतो.

नोझल आपोआप थांबतं त्याला कारण असतं. त्याच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. पेट्रोल तिथवर चढलं, की त्या भोकातून जाणारी हवा अडते आणि आतला खटका पडतो. वर जी रिकामी जागा उरते ती उन्हात पेट्रोल फुगतं तेव्हा लागते. शिवाय टाकीतली वाफ धरून ठेवणारी यंत्रणा गाडीत असते, तिच्यात द्रव पेट्रोल गेलं की ती बिघडते. राउंड फिगरच्या हौसेने आपण आपलीच गाडी बिघडवतो. आता फोनवर पैसे देताना तर अठराशे सत्तेचाळीस आणि दोन हजार यांत कष्टाचा काडीइतका फरक उरलेला नाही. सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेट हातावर ठेवायचे दिवस गेले, सवय तेवढी राहिली.

फोनवरून आठवलं. "मोबाइल वापरू नका" ही पाटी आणि "येथे स्कॅन करा" हा क्यूआर कोड आजकाल एकाच खांबावर शेजारी शेजारी नांदतात. पंपावरच्या आगींचा अमेरिकेत तपास झाला तेव्हा मोबाइलपेक्षा अंगावर साठणारी स्थिर वीज दोषी निघाली, त्यामुळे मोबाइलच्या पाटीचा धाक ओसरला तर मी समजू शकते. पण एक पाटी खोटी पडली म्हणून बाकीच्या खोट्या ठरत नाहीत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न उडता जमिनीलगत पसरते आणि शून्याखाली चाळीस अंशांवरही पेट घेण्याइतकी तयार होते. चालू इंजिन, पेटती सिगारेट, मागच्या सीटवर लायटरशी खेळणारा मुलगा, यांतलं काहीही तिला पुरतं.

हे घाटकोपरकरांना वेगळं सांगायला नको होतं. 13 मे 2024 च्या दुपारी धुळीचं वादळ आलं आणि छेडानगरजवळ, पूर्व द्रुतगती मार्गाला लागून असलेल्या पंपावर अवाढव्य जाहिरात फलक कोसळला. महापालिका 40 बाय 40 फुटांपर्यंतच फलकाला परवानगी देते. हा 120 बाय 120 फुटांचा होता आणि रेल्वे पोलिसांच्या जागेवर उभा होता. सतरा माणसं गेली, सत्तरहून अधिक जखमी झाली. त्यांत पेट्रोल भरायला आलेले होते, पावसाचा आडोसा घेतलेले होते. खाली पेट्रोलच्या टाक्या असल्यामुळे लोखंड कापायला गॅस कटर लावणंही धोक्याचं होतं, म्हणून बचावकार्य लांबत गेलं. त्या माणसांची कसलीही चूक नव्हती. चूक होती ती तीन पट उंच आणि तीन पट रुंद फलक रोज डोळ्यांसमोर असताना त्याकडे न बघणाऱ्या यंत्रणांची. सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची चौकशी समिती नेमली, त्यातून जबाबदारी ठरायची ती ठरो. त्या दुर्घटनेची तुलना एखाद्याच्या चालू इंजिनाशी करण्याइतकी मी असंवेदनशील नाही. पण पंप ही कशी जागा आहे, ते त्या दिवसांत आपण पाहिलं. पायाखाली हजारो लिटर इंधन असलेल्या जागी माणसांनी गरजेपुरतंच थांबावं, ही अपेक्षा अवाजवी नाही.

सीएनजीच्या रांगेचं दुखणं आणखी वेगळं. रिक्षा, टॅक्सी आणि आता घरच्या गाड्याही तिथेच. एलबीएस मार्गावर मेट्रो चारच्या कामाने रस्ता आधीच आकसलेला, त्यात पंपाची रांग रस्त्यावर आली की मागून येणारी बेस्टची बस तिथेच अडकते. सीएनजी 200 बारच्या आसपास दाबाने भरतात, म्हणून सगळ्यांनी खाली उतरायचं असतं. रिक्षावाले हे निमूटपणे पाळतात. त्रास होतो तो मोठ्या गाडीतल्या माणसांना. "बाहर गरमी है" म्हणून ती आतच बसून राहतात आणि गॅस भरणारा मुलगा हात जोडून उभा. नोव्हेंबर 2025 मध्ये ट्रॉम्बेच्या आरसीएफ खत कारखान्याच्या आवारात गॅसवाहिनीला धक्का लागून मुंबईचा सीएनजी पुरवठा कोलमडला, तेव्हा तासन् तास रांगेत उभं राहून शहर चालू ठेवलं ते या रिक्षावाल्यांनी. रांगेची शिस्त शिकायची तर त्यांच्याकडून शिकावी. मध्येच घुसणारी गाडी बहुतेक वेळा रिक्षा नसते.

आणि तो नोझलवाला मुलगा. हल्ली काही पंपांवर मुलीही असतात. दिवसभर उभं राहून ती पेट्रोलची वाफ छातीत घेतात. त्या वाफेत बेंझिन असतं, आणि बेंझिनमुळे कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने 1950 च्या दशकापासून आमच्या शेजारी आहेत, त्यामुळे हा वास म्हणजे काय ते चेंबूर-घाटकोपरच्या माणसाला माहीत आहे. आपण तो वास पाच मिनिटं घेतो, ती मुलं पूर्ण पाळी घेतात. त्यांच्याकडे नोट फेकायची, "ए, जल्दी कर" म्हणायचं, दर वाढला तर त्यांच्यावर खेकसायचं. पेट्रोलचा दर त्या मुलाने ठरवलेला नसतो. त्यात राज्याचा करही असतो. जुलै 2024 मध्ये राज्याने मुंबई-ठाण्यातला मूल्यवर्धित कर कमी केला तेव्हा पेट्रोल सुमारे 65 पैशांनी उतरलं. त्या दिवशी या मुलांना कोणी धन्यवाद दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

माझी भाची न्यू जर्सीत असते. अमेरिकेत इतरत्र लोक आपापलं पेट्रोल भरतात, पण त्या राज्यात 1949 पासून कायद्यानेच स्वतः भरायला मनाई आहे, आपल्यासारखंच माणूस येऊन भरतो. ती म्हणते, तिथे इंजिन बंद करून काचेतून कार्ड द्यायचं आणि काम झालं की निघायचं. माणसाने भरून देण्याची पद्धत आपल्याकडेही आहे. आपल्याकडे निघण्याची पद्धत नाही.

ती आणायला फार काही लागत नाही. पंपमालकांनी नोझलपासून पंधरा-वीस फूट पुढे पिवळा चौकोन आखावा. पैसे, पावती, पॉइंट, हवा हे सगळं तिथे. नोझलपाशी फक्त पेट्रोल. गर्दीच्या वेळी रांग लावायला एक माणूस ठेवावा आणि रस्त्यावर आलेल्या रांगेकडे वाहतूक पोलिसांनी बघावं. हवेचा पाइप खिळ्यावरून खाली यावा, स्वच्छतागृहाचं कुलूप निघावं. हे ग्राहकावर उपकार नाहीत, पंप चालवायच्या अटींतच ते लिहिलेलं आहे.

आणि आपण? रांगेत लागतानाच रक्कम ठरवा, फोन किंवा कार्ड हातात घ्या. टाकी कुठल्या बाजूला आहे ते बघून रांग निवडा. आत शिरताच इंजिन बंद करा. ऑटो कट झाला की तिथेच थांबा. झिरो जरूर बघा, आणि संशय आला तर पाच लिटरचं माप मागायला लाजू नका. भरून झालं की त्या मुलाला एकदा "थँक यू" म्हणा आणि गाडी पुढे घ्या. मागे कोणीतरी उभं आहे.