वही आधी की वर्दी आधी?

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी लग्न, वारसाहक्क, सासू-सुनांची कुरबूर असे विषय असतात. मे-जूनमध्ये मात्र एकच प्रश्न, "मुलाचं पुढे काय करायचं?" या वेळी मढहून एका भगिनीने लिहिले आहे. मुलगा सायन्सला बेताच्या गुणांनी पास झाला. अब्बांची रिक्षा, घर भाड्याचे, थोरल्या बहिणीचे लग्न ठरलेले. मुलगा म्हणतो, नेव्हीत अग्निवीर होतो, चार वर्षांत पैसे घेऊन येतो. अब्बा म्हणतात, आमच्या घरात अजून कोणी पदवी पाहिली नाही, तू ती घे. आणि नानी विचारतात, "आपल्या पोरांना तिथं घेतात तरी का?"

मढच्या पोराला नौदलाचे स्वप्न पडावे यात नवल नाही. मालाड स्टेशनवरून बस मालवणी मागे टाकून निघाली की मार्व्याच्या बाजूला 'आयएनएस हमला' हा नौदलाचा तळ आहे. तिकडे मढच्या किल्ल्यावर हवाई दलाचा ताबा. लहानपणापासून ही मुले पांढरे गणवेश पाहत मोठी होतात, आतले जग मात्र त्यांना माहीत नसते. हिशेब, कोठार, स्वयंपाकघर अशी नौदलाची जी कामे आहेत, त्यांचे प्रशिक्षण याच 'हमला'त दिले जाते. नौदल म्हणजे फक्त तोफा आणि पाणबुड्या नव्हेत, हे भिंतीच्या अलीकडे कोणी सांगत नाही.

नानींच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो प्रश्न पुष्कळ घरांत असतो आणि मोठ्याने विचारला जात नाही. घेतात. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान फाळणीनंतर इथेच राहिले, ३ जुलै १९४८ रोजी काश्मीरच्या आघाडीवर शहीद झाले आणि त्यांची कबर दिल्लीत जामिया मिल्लियाजवळ आहे. हवालदार अब्दुल हमीद यांना १९६५ च्या युद्धासाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. इद्रिस हसन लतीफ १९७८ ते १९८१ या काळात हवाई दलाचे प्रमुख होते आणि पुढे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. मे २०२५ मध्ये सैन्याच्या कारवाईची माहिती देशाला देण्यासाठी कर्नल सोफिया कुरेशी टीव्हीवर दिसल्या, तेव्हा आपल्या कित्येक घरांत मुलींनी आवाज मोठा केला असेल. पण ही नावे घरच्यांना गप्प बसवायला वापरू नयेत. चार मोठी नावे सांगितली म्हणजे आईची काळजी संपत नाही, आणि संपायचे कारणही नाही.

दीनदारीच्या बाबतीत स्पष्ट बोललेले बरे. लष्करात मौलवींची पदे आहेत. धर्मशिक्षक म्हणून पंडित, ग्रंथी, पाद्री यांच्याबरोबर त्यांचीही भरती होते. नमाज-रोजा पाळणारे जवान आहेत. मात्र ड्यूटीची वेळ जमाअतीसाठी थांबत नाही, आणि प्रशिक्षणाच्या महिन्यांत दिवस स्वतःचा नसतो. दाढीचा प्रश्नही आहे. हवाई दलातल्या एका मुस्लिम जवानाला दाढी ठेवल्यावरून सेवेतून काढले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने हवाई दलाचा नियम उचलून धरला. नौदलात परवानगी घेऊन दाढी ठेवता येते, पण ती सर्वांसाठीची सवलत आहे, धर्माची नव्हे. ज्या मुलासाठी ही बाब जिवाभावाची आहे, त्याने फॉर्म भरण्याआधी तिचा विचार करावा, भरती झाल्यावर नव्हे.

आता पैशांकडे येऊ, कारण पत्रातला खरा प्रश्न तोच आहे. जून २०२२ मध्ये सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. साडेसतरा ते एकवीस वर्षांच्या मुलांना चार वर्षांसाठी घेतात. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के सेवा निधीत कापले जातात, म्हणजे हातात पहिल्या वर्षी २१,००० आणि चौथ्या वर्षी २८,००० येतात. चारही वर्षांची बेरीज केली तर हातात पावणेबारा लाखांच्या आसपास पडतात. कापलेले सुमारे ५ लाख २ हजार, तेवढीच सरकारची भर आणि वर व्याज, असे मिळून निघताना ११ लाख ७१ हजारांच्या आसपास मिळतात. त्यावर आयकर नाही. सेवेच्या काळात ४८ लाखांचा विमा असतो, त्याचा हप्ता जवानाकडून घेतला जात नाही. राहणे, जेवण, कपडे यांचा खर्च नाही. वर्षाला ३० दिवस रजा.

रिक्षावर चालणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही, आणि मुलाला लोभी म्हणण्याचा हक्क कोणाला नाही. मात्र त्याच कागदाची दुसरी बाजू अशी. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना कायम केले जाते. बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकांच्या दवाखान्याची सोय नाही. मध्येच मन बदलले तर सुटका नाही. अगदी अपवादात्मक कारण असेल तरच सोडतात. कॉलेज पसंत पडले नाही तर मुलगा दुसऱ्या दिवशी घरी बसू शकतो, इथे नाही. भरतीच्या वेळी मुलगा अविवाहित असावा लागतो आणि चार वर्षे तसेच राहावे लागते. अठराव्या वर्षी ही अट कोणाला जड वाटत नाही. (काही अम्मींना तर ती आवडेल.)

सेवा निधीतल्या व्याजाबद्दलही विचारणा होते. सुमारे पावणेदोन लाख रुपये व्याजाचे असतात. ते घ्यावेत का, घेतले तर कशात खर्च करावेत, हे आपल्या भागातल्या जाणत्या आलिमांना विचारावे. आम्ही फतवा देणारे नाही. हा प्रश्न पैसे हातात पडल्यावर नव्हे, आधी विचारावा एवढेच म्हणतो. आणि बहिणीच्या लग्नासाठी या पैशांचा हिशेब धरू नये. मोठी रक्कम चार वर्षांनी येते, लग्न त्याआधी असते, आणि मग त्या रकमेच्या भरवशावर कर्ज काढले जाते.

भरतीच्या वेळची आश्वासने म्हटली की आम्हांला १९४६ आठवते. त्या फेब्रुवारीत मुंबईत 'तलवार' या नौदल तळावर खलाशांनी संप पुकारला आणि तो पाहता पाहता जहाजांवर आणि इतर तळांवर पसरला. मध्यवर्ती संप समितीचे अध्यक्ष होते एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग. गोऱ्या अधिकाऱ्यांची वागणूक, निकृष्ट जेवण, तुटपुंजा पगार यांबरोबर भरती करताना दिलेली वचने मोडली ही तक्रारही त्यात होती. आजचे नौदल ते नौदल नाही, तुलना तेवढीच. पण अठरा वर्षांच्या मुलाने सही करण्यापूर्वी कोणते वचन लेखी आहे आणि कोणते फक्त भाषणातले, हे पाहायची सवय जुनीच बरी. अग्निवीरांची पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस दाखल झाली, तिची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पुरी होतात. बाहेर पडलेल्यांना पोलीस दलांत, कंपन्यांत प्राधान्य देऊ असे बरेच जाहीर झाले आहे. किती जणांना खरोखर काम मिळते, हे त्या मुलांकडून कळेल.

आमचे मत विचाराल तर 'कॉलेज की सैन्य' ही मांडणीच चुकीची आहे. खरा प्रश्न आधी काय आणि नंतर काय हा आहे. अग्निवीराचे दार एकविसाव्या वर्षी बंद होते. म्हणजे अठराव्या वर्षी पास झालेल्या मुलाकडे अजून दोन-अडीच वर्षे आहेत. पदवी घेतली तर सीडीएस परीक्षेने अधिकारी होण्याचा रस्ता चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षापर्यंत उघडा असतो. कॉलेजात एनसीसी घेऊन 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवले तर लष्करात लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीला जाता येते. जवान म्हणून जाणे आणि अधिकारी म्हणून जाणे यांत आयुष्यभराचा फरक आहे, आणि आपल्या वस्त्यांत पहिलाच मार्ग माहीत असतो. एनडीएचेही तेच. ती परीक्षा बारावीवरच, वर्षातून दोनदा होते. त्यासाठी टक्क्यांची अट नाही. नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते, लष्करासाठी कोणतीही शाखा चालते, मात्र गणिताचा पेपर सर्वांनाच द्यावा लागतो. निवड झाली तर खडकवासल्यात तीन वर्षांत पदवीही मिळते. ज्यांची मुले आता नववी-दहावीत आहेत, त्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या सेवापूर्व शिक्षण संस्थेची चौकशी जरूर करावी. राज्य सरकारची ही संस्था १९७७ पासून एनडीएसाठी मुले तयार करते, आणि आता नाशिकला मुलींसाठीही तशी संस्था सुरू झाली आहे.

मुलींचा उल्लेख शेपटासारखा करायचा नाही. नौदलाच्या अग्निवीरांची पहिली तुकडी मार्च २०२३ मध्ये ओडिशातल्या चिल्का इथून बाहेर पडली, तिच्यात २७३ मुली होत्या. एनडीएतून मे २०२५ मध्ये पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या. मढच्या त्या घरात धाकटी मुलगी दहावीत आहे असे पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिले आहे. तिच्याबद्दल प्रश्न मात्र विचारलेला नाही.

मग घरातल्या पैशांचे काय? चणचण खरी असेल, कर्जदार दारात असेल, तर मुलाने अग्निवीर होणे यात काही कमीपणा नाही. पण मग पदवी सोडू नये. अग्निवीरांसाठी इग्नूने पदवीचा अभ्यासक्रम ठेवला आहे, त्यात सेवेतल्या प्रशिक्षणाचे गुणांक धरले जातात. पहिल्या वर्षीच नाव नोंदवावे. चौथ्या वर्षी बाहेर पडताना हातात नुसता धनादेश असणे आणि त्यासोबत पदवी असणे यांत फार अंतर आहे. आणि चणचण नसेल, फक्त मित्र निघाले म्हणून निघायचे असेल, तर एक वर्ष कॉलेजात एनसीसी करून पाहावे. पहाटेची परेड झेपते का, हे तिथेच कळते.

मढहून तरीने वर्सोवा आणि तिथून जोगेश्वरी गाठली तर टेकडीवर इस्माईल युसूफ कॉलेज आहे, १९३० पासूनचे. ज्या सर मोहम्मद युसूफ यांच्या देणगीतून ते उभे राहिले ते जहाजांच्या धंद्यातले होते, आणि खलाशांच्या मुलांना शिकवणारी न्हाव्याची 'रहमान' ही संस्थाही त्याच घराण्याची. त्यांना वही आणि जहाज यांत भांडण दिसले नव्हते. जाता जाता, कोकणी घरांत "मुलगा नेव्हीत आहे" म्हणजे बहुतेक वेळा व्यापारी जहाजावर आहे. तो रस्ता वेगळा, त्याची परीक्षा वेगळी आणि त्यातले फसवे एजंटही वेगळे. दोन्हींची गल्लत करून कोणाला पैसे देऊ नका. सैन्यभरतीत तर पैसे मागणारा प्रत्येक जण ठगच समजावा.

आता लगेच करायचे काम. लष्कराची अग्निवीर परीक्षा आता मराठी आणि उर्दूतूनही देता येते, तेव्हा भाषेची भीती नको. अडचण नावाची येते. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'मोहम्मद' पूर्ण, आधारवर 'मोहं.', शाळा सोडल्याच्या दाखल्यात आडनाव 'शेख' आणि जन्मदाखल्यात 'शैख', वडिलांचे नाव एकीकडे आधी, एकीकडे नंतर. आपल्या घरांत हे सर्रास असते आणि कागदपत्रांच्या तपासणीत मुलगा तिथेच अडकतो. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरून आधार आणि बाकीचे कागद तिच्याप्रमाणे करून घ्यावेत. गुणपत्रिकेतच चूक असेल तर आधी शाळेत अर्ज द्यावा लागतो आणि त्याला महिने लागतात, म्हणून तो या आठवड्यातच द्यावा.