हेतूची चौकशी

ख्रिस्ती मनुष्याने परक्या रोग्याची जखम धुतली, की आमच्या सुशिक्षित घरांतून पहिला प्रश्न उमटतो तो जखमेविषयी नसतो. 'यामागे हेतू काय?' हा असतो. आरामखुर्चीत मागे रेलून हा प्रश्न विचारणाऱ्यांत प्राध्यापक आहेत, वकील आहेत, सेवानिवृत्त अधिकारीही आहेत. आणि तो एकदा विचारून झाला म्हणजे मोठेच राष्ट्रकार्य उरकल्याचे समाधान त्यांच्या मुद्रेवर विलसते. जखम कोणी धुवावी, हा प्रश्न मात्र जेथल्या तेथे राहतो. ख्रिस्ताने शिकविलेले प्रेम नित्याच्या व्यवहारात कितपत उतरले, याची परीक्षा घेण्याचा अधिकार आम्हां ख्रिस्तेतरांसही आहे असे आम्ही मानतो. परंतु ती परीक्षा हेतूची चौकशी करून होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा संशय निराधार आहे, असे कोणी म्हणू नये. चांदा जिल्हा जुन्या मध्यप्रदेशात मोडत होता त्या काळी, म्हणजे १९५४ साली, तेथील सरकारने मिशनांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. शाळा व रुग्णालये यांचा उपयोग धर्मांतराचे साधन म्हणून होतो, असा ठपका त्या समितीने १९५६ च्या अहवालात ठेवला. मिशनांनी आपल्या वर्गणीदारांसाठी छापलेले जुने वृत्तांत ज्यांनी चाळले असतील, त्यांस बाप्तिस्म्यांचे आकडे किती हौसेने मांडले जात हे ठाऊक आहे. ज्याने प्रेमाची खतावणी ठेवली, त्याच्याकडे लोकांनी सावकाराकडे पाहावे तसे पाहिले, तर त्यात नवल ते काय?

परंतु याच नियोगींनी त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरास डॉ. आंबेडकरांसमवेत बौद्ध धर्म स्वीकारला, याचे स्मरण त्यांचा अहवाल नाचविणाऱ्या मंडळींस सहसा नसते. दोनच दिवसांनी, १६ तारखेस, चांद्यासही दीक्षेचा सोहळा झाला. त्या दिवशी तेथे लोटलेल्या जनसमुदायास कोणी पायलीभर तांदूळ वाटले होते काय? जेथे आपली सावली चालते, आपला स्पर्श चालतो, तेथे मनुष्य जातो. गरीब म्हणजे मूठभर धान्याला श्रद्धा विकणारा प्राणी, ही समजूत मुळातच त्याचा अपमान करणारी आहे. आणि गंमत अशी, की आकडे मिरविणारा मिशनरी आणि त्या आकड्यांनी भयभीत होणारे आमचे मित्र, या दोघांचीही समजूत तीच असते.

आता चर्चने आपल्याच माणसाची परीक्षा कशी घेतली तेही पाहावे. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन चांद्यास होते, आणि अलेक्झांडर वुड नावाच्या धर्मोपदेशकाने आपल्या उमेदीची पुष्कळ वर्षे तेथे वेचली. पुढे ते नागपूरचे बिशप झाले. १९३२ साली ऑक्सफर्डचा पदवीधर व्हेरियर एल्विन आणि त्याचे मराठी ख्रिस्ती स्नेही शामराव हिवाळे, हे दोघे पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून निघून मंडला जिल्ह्यातील करंजिया या गावी गोंडांमध्ये राहावयास गेले. ते गाव वुड यांच्या अधिकारक्षेत्रात येत होते. एल्विनने राजनिष्ठेची शपथ घेतल्यावाचून त्यास धर्मोपदेशकाचा परवाना देण्यास वुड तयार होईनात. आणि गांधीजींच्या बाजूचा एल्विन ती शपथ घेईना. गोंडांच्या झोपडीत राहून औषधपाणी करणाऱ्यास आधी इंग्लंडच्या राजाचा दाखला हवा होता! वुड काही दुष्ट गृहस्थ नव्हते. चांद्याच्या उन्हातान्हात ज्याने वर्षे काढली, त्यानेच सेवेच्या आधी शपथ मागावी, हे म्हणूनच अधिक बोचते. १९३५ मध्ये एल्विनने चर्चचा निरोप घेतला. त्याची पुस्तके जगभर गेली. शामरावांचे नाव मात्र आमच्या मराठी वाचकांसही क्वचितच ठाऊक असते. गोंड लोक एल्विनला 'बडा भाई' आणि शामरावांना 'छोटा भाई' म्हणत. एका मराठी ख्रिस्ती कुटुंबातील मुलास गोंडांनी भाऊ म्हणावे, यापरते दुसरे प्रमाणपत्र आम्ही तरी मागणार नाही.

लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाची कथा सर्वांस ठाऊक आहे. 'माझा शेजारी कोण?' असा प्रश्न ख्रिस्ताला विचारणारा एक शास्त्री होता, कायदा जाणणारा. उत्तरादाखल ख्रिस्ताने जी गोष्ट सांगितली, तीत रस्त्यावर पडलेल्या घायाळास ओलांडून याजक पुढे गेला, लेवी पुढे गेला; थांबला तो परक्या उपासनेचा, तिरस्कृत जातीचा मनुष्य. त्याने घायाळाचा धर्म विचारला नाही, आपलाही सांगितला नाही; जखमा बांधल्या, खाणावळवाल्यास पैसे दिले आणि तो वाटेस लागला.

चांद्याच्या वाटेवर वरोरा लागते. तेथे मुरलीधर देवीदास आमटे नावाचे एक वकील होते. पाहा, येथेही कायदा जाणणाराच! भर पावसात पडलेला एक महारोगी दृष्टीस पडला, तेव्हा हे धाडसी गृहस्थ भिऊन पळाले. येथवर ते याजकाच्या व लेव्याच्याच पंक्तीत होते. पण त्यांस ते पळणे सहन झाले नाही आणि ते परत फिरले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती निघाली, आणि १९५१ मध्ये सरकारने दिलेल्या खडकाळ रानात सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले. दानाने मनुष्य दुबळा होतो व कामाने उभा राहतो, हे आमट्यांचे सूत्र होते. रोग्यांनी विहीर खणली, भाजी पिकविली. गावकरी ती भाजी घेईनात. १९६४ साली त्याच आनंदवनात महाविद्यालय निघाले, आणि ज्या घरांतून भाजी नाकारली गेली त्यांच्या मुलांना विद्यादानाची सोय महारोग्यांच्या श्रमांनी झाली. घायाळ स्वतःच खाणावळवाला झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

काही ख्रिस्ती मित्र आमट्यांविषयी भक्तिभावाने म्हणतात, 'हाच खरा ख्रिस्ती!' त्यांचा हेतू निर्मळ आहे. तरी हा शिक्का आम्हांस मान्य नाही. परक्याचे चांगले कृत्य आपल्या खतावणीत जमा करून घेण्याचाच हा एक सभ्य प्रकार होय.

गडचिरोलीच्या रानातील उदाहरणे तर अगदी अलीकडची आहेत. १९७३ साली भामरागडजवळ हेमलकशास प्रकाश व मंदाकिनी आमटे हे डॉक्टर दांपत्य गेले, आणि माडिया भाषा शिकले. अभय व राणी बंग यांनी १९८६ पासून या जिल्ह्यात कार्य आरंभिले. त्यांच्या रुग्णालयास गोंडांच्या दंतेश्वरी मातेचे नाव आहे, आणि खेड्यातील साध्या बायकांना त्यांनी नवजात अर्भकांची शुश्रूषा शिकविली. त्या गावांतील नवजात अर्भकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा वृत्तांत १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. यांतले कोणी ख्रिस्ती म्हणून तेथे गेले नाही. परंतु रोग्याची भाषा आपण शिकलो काय, त्याची देवी आपल्या दारात आली काय, आणि अखेरीस तो घेणाऱ्याचा देणारा झाला काय, हे तीन प्रश्न मिशनलाही विचारता येतात आणि आम्हांलाही. हेतूच्या चौकशीपेक्षा ते अवघड आहेत, कारण त्यांची उत्तरे खुर्चीत बसून मिळत नाहीत.

आता घरातलीच गोष्ट. आमच्या रुग्णालयांतून रात्रीच्या पाळीत काम करणाऱ्या परिचारिकांत ख्रिस्ती मुली पुष्कळ असतात. कोणी केरळहून आलेल्या, कोणी आमच्याच जिल्ह्यांतल्या. आमच्या वृद्ध आईचे मलमूत्र काढणाऱ्या, तिला कुशीवर वळविणाऱ्या त्या मुलीस आम्ही 'सिस्टर' म्हणतो, आणि घरी येऊन तिचे तोंड भरून कौतुक करतो. तीच सिस्टर पुढच्या महिन्यात भाड्याची खोली पाहावयास आली, म्हणजे जिन्याच्या तळाशी तिला थांबवून आडनाव विचारले जाते, मग मांसमच्छीचे विचारले जाते, आणि खोली नुकतीच दुसऱ्यास दिली असे सांगितले जाते. आमच्या परिचयातील एका परिचारिकेने अशी पाच घरे पाहिली. सहाव्या घरी जाण्यापूर्वी तिने आम्हांस एवढेच विचारले, की गळ्यातला क्रूस पदराआड घेऊन गेले तर चालेल का.