शाळेच्या दारात अडलेला गुरुजी

डिसेंबर २०१७ मध्ये तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात गोंड आणि लंबाडा समाजांत चकमकी उडाल्या, इंटरनेट बंद करावे लागले. त्याच दिवसांत कित्येक गोंड गुड्यांनी (पाड्यांनी) लंबाडा शिक्षकांना शाळेत पाऊल ठेवू दिले नाही. मागणी होती लंबाडांना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळण्याची. तेलंगणात ते १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने यादीत आले. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात मात्र हाच समाज बंजारा म्हणून विमुक्त जातींत मोडतो. पलीकडून येऊन दाखले मिळवले जातात, ही गोंडांची तक्रार जुनी आहे आणि तिची तड लागलीच पाहिजे. पण फळ्यावर पाढे लिहिणारा गुरुजी केवळ जमातीमुळे हक्क लाटणारा ठरतो, तेव्हा तक्रारीचा पूर्वग्रह झालेला असतो. असा पूर्वग्रह झुंजीतून कसा उपजतो, हे मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शरीफ यांनी दाखवले: १९५४ साली ओक्लाहोमातल्या शिबिरात सारख्याच घरांतल्या मुलांचे दोन गट त्यांनी बक्षिसांसाठी झुंजवले, तर मुले एकमेकांना लबाड ठरवू लागली. पाणीपुरवठ्यातला बिघाड मिळून शोधण्यासारखी कामे पडली, तेव्हा कुठे वैर ओसरू लागले. आदिलाबादेत झुंज नोकऱ्यांची आणि वसतिगृहातल्या जागांची आहे. उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेने (आयटीडीए) या नोकऱ्यांचे आणि जागांचे जमातवार आकडे जाहीर करावेत. कोलामांसारख्या तिसऱ्याच जमातीच्या वाट्याला काय आले, तेही त्यात दिसेल.