खेळणी करणाऱ्या घराचा हिशेब

कुर्डुवाडीहून पंढरपुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मोडनिंब हे स्टेशन आहे. पूर्वी येथून बार्शी लाइट रेल्वेची लहानगी गाडी अरुंद रुळांवरून धावत असे. आता रूळ रुंद झाले आहेत. आषाढी-कार्तिकीहून परतणाऱ्या वारकऱ्याच्या पिशवीत बुक्का, तुळशीची माळ आणि चुरमुरे असतात, तसे घरी वाट पाहणाऱ्या नातवंडासाठी एखादे खेळणेही असते. ते खेळणे आज बहुधा प्लॅस्टिकचे असते, हे सांगावयास आम्ही कशाला पाहिजे? परंतु बेंदराच्या आधी कुंभाराच्या घरी होणारे मातीचे बैल, सुताराच्या हातचे भोवरे व पांगुळगाडे, शिलाईच्या उरल्यासुरल्या चिंध्यांतून आजीने केलेल्या बाहुल्या, ही विद्या आमच्या गावांतून अद्याप निघून गेलेली नाही. मोडनिंबसारख्या बाजारगावातील एखाद्या कुटुंबाने मनात आणले, की हे काम सणापुरते न ठेवता बारमाही पोटाचा धंदा करावा, तर त्या घरापुढे काय वाढून ठेवले आहे, याचा विचार आज करावयाचा आहे.

गेल्या काही वर्षांत सरकारचे लक्ष खेळण्यांकडे वळले, ही गोष्ट खरी. फेब्रुवारी 2020 मध्ये परदेशी खेळण्यांवरील जकात शेकडा 20 वरून 60 करण्यात आली आणि 2023 साली ती 70 वर नेली. 2014-15 साली सुमारे 33 कोटी डॉलरची खेळणी बाहेरून येत असत. 2022-23 साली तो आकडा 16 कोटींच्या आत आला. त्याच अवधीत निर्यात सुमारे साडेनऊ कोटी डॉलरवरून साडेबत्तीस कोटींवर गेली. या आकड्यांनी कोणासही समाधान वाटावे. तथापि हे आकडे मुख्यतः यंत्राच्या साच्यांतून शेकड्याने माल काढणाऱ्या कारखान्यांचे आहेत. परदेशी खेळणे मागे हटले म्हणजे त्याची जागा आपोआप सुताराच्या भोवऱ्याने घेतली, असा समज कोणी करून घेईल तर तो फसेल. ती जागा देशी प्लॅस्टिकने घेतली.

जकातीच्या जोडीला कायदाही आला. 1 जानेवारी 2021 पासून, चौदा वर्षांखालील मुलांनी खेळावयाची कोणतीही वस्तू भारतीय मानक ब्यूरोच्या परवान्यावाचून व आयएसआय चिन्हावाचून करता किंवा विकता येत नाही. हा कायदा अनाठायी आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. 2019 साली भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्लीच्या बाजारातील खेळणी तपासली, तेव्हा शेकडा 66 हून अधिक खेळणी सुरक्षिततेच्या कसोटीस उतरली नाहीत. मूल खेळणे हातात घेते ते प्रथम तोंडात घालते. त्याच्या रंगात शिसे असेल, कड धारदार असेल, डोळ्याचा मणी सुटत असेल, तर आईबापांनी पैसे देऊन संकट विकत घेतले असे होते.

पण परवाना काढणे म्हणजे माल नमुन्यादाखल प्रयोगशाळेत पाठविणे, तपासणीची फी भरणे, कारखान्यात चाचणीची सोय ठेवणे आणि दरसालचे शुल्क देणे. सूक्ष्म कारखानदारांस चाचणीच्या सोयीबाबत काही मुदतीची सवलत मिळाली. तरीही ओसरीवर चरक मांडून बसलेल्या सुतारास हे झेपणारे नव्हे. सरकारास हे उमगले आणि डिसेंबर 2020 मध्येच हुकमात दुरुस्ती होऊन दोन वाटा मोकळ्या झाल्या. केंद्र सरकारच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः करून विकलेला माल, आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंच्या अधिकृत उत्पादकांचा माल, यांस या हुकमाचे बंधन राहिले नाही. दुसरी वाट चन्नपट्टणच्या रंगीत लाकडी खेळण्यांसारख्या नावाजलेल्या मालासाठी आहे. मोडनिंबच्या घरास ती उपयोगी नाही. त्याला पहिलीच वाट धरावयास पाहिजे, म्हणजे कारागिराचे ओळखपत्र काढावयास पाहिजे.

येथे एक गोष्ट बजावून सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. कायद्यातून सुटलो म्हणजे शिशापासून सुटलो असे नव्हे. घरगुती व शोभेच्या रंगांत दर दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक शिसे असू नये, असा नियम 2016 साली झाला आणि नोव्हेंबर 2017 पासून तो अमलात आहे. यंत्रांस व लोखंडी सामानास द्यावयाच्या रंगांस तो नियम लागू नाही. तेव्हा पिवळा व तांबडा रंग सुटा, डब्यावरील मजकूर न पाहता, स्वस्त मिळतो म्हणून घेणारा कारागीर दुसऱ्याच्या लेकराचा आणि रोज तो रंग हाताळणाऱ्या आपल्याच बायकोमुलांचा अपराधी होतो. ज्याच्यावर तपासनीस नाही, त्याने दुप्पट सावध असावे.

आता धंद्याच्या पोटात शिरू. समजा, एका घरात चाकांचा लाकडी बैल तयार होतो. लाकूड 18 रुपये, रंग व लाख 7 रुपये, विजेचे 3 रुपये, असा 28 रुपये खर्च. दुकानदार तो 70 रुपयांस उचलतो. घरधनी म्हणतो, ‘एका बैलामागे 42 रुपये सुटले.’ हा हिशेब आम्हांस मान्य नाही. चरकावर घरधन्याचा अर्धा तास गेला. पॉलिशकागद घासण्यात त्याच्या आईचा अर्धा तास गेला. रंग भरण्यात, डोळे व झूल काढण्यात त्याच्या पत्नीचा एक तास गेला. आणि शाळेतून आलेल्या मुलीने चाके बसविली, दोऱ्या ओवल्या, पुठ्ठ्यात बांधले, त्यात तिचा अर्धा तास गेला. अडीच तासांचे 42 रुपये, म्हणजे तासाचे सोळा रुपये ऐंशी पैसे. ज्याला आपण नफा म्हणत होतो ती मजुरी निघाली, आणि तीही शेतावरील मजुरीहून हलकी. शिवाय चारांपैकी तिघींच्या हातात त्यातील एक पैसाही पडला नाही. घर चालले म्हणून धंदा चालला असे म्हणण्याची आमच्याकडे चाल आहे. वस्तुतः तिघींनी फुकट काम केले म्हणून तो चालला.

वाचक म्हणतील, घरातल्या घरात कसली मजुरी? पैसा शेवटी एकाच चुलीत जातो. हे म्हणणे ऐकावयास गोड आहे. पण ज्या हिशेबात रंगाची किंमत धरली आणि रंगविणाऱ्या हाताची धरली नाही, त्या हिशेबाने लाविलेला भाव नेहमी कमीच पडतो. दुकानदार घासाघीस करू लागला, की घरधनी 70 चे 60 करतो, कारण 28 च्या वर जे काही येईल ते त्यास मिळकतच वाटते. पुढे पत्नी आजारी पडली, किंवा मुलगी सासरी गेली, आणि तिच्या जागी रोजाने माणूस ठेवण्याची पाळी आली, की धंदा एका महिन्यात बसतो. मग लोक म्हणतात, हाताच्या कलेस आता दिवस राहिले नाहीत.

याबाबतीत सरकारचा कागदही घरधन्याच्याच वळणावर गेला आहे, याचे आम्हांस वाईट वाटते. 17 सप्टेंबर 2023 रोजी प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातील अठरा व्यवसायांत परंपरागत बाहुल्या व खेळणी करणाऱ्यांचा समावेश आहे. शिक्षणाच्या काळात दिवसास 500 रुपये, हत्यारांसाठी 15,000 रुपये, आणि शेकडा 5 व्याजाने प्रथम एक लाख व पुढे दोन लाख रुपये कर्ज, अशी तिची मदत आहे. मदत चांगली आहे. पण अट अशी, की पती, पत्नी व अविवाहित मुले मिळून जे कुटुंब, त्यातील एकासच तिचा लाभ मिळावयाचा. ज्या धंद्याचा प्राणच कुटुंब आहे, त्यात कुटुंबातील एकच माणूस कारागीर ठरवावयाचा, हा न्याय कोणता? आणि तो एक कोण असेल हे सांगावयास ज्योतिषी नको. चरक चालविणारा विश्वकर्मा आणि बैलास डोळे देणारी त्याची मदतनीस, असा निवाडा कागदावर पडतो. खर्चाला मर्यादा पाहिजे हे आम्ही जाणतो. कर्ज एकास द्या. परंतु शिक्षण आणि दाखला घरातील प्रत्येक कामकरी हातास देण्यास अडचण कोणती?

ओळखपत्राची गोष्ट निराळी आहे. ते माणसागणिक मिळते, घरागणिक नव्हे. म्हणून मोडनिंबच्या कुटुंबास आमचा पहिला सल्ला असा, की ते सासूच्याही नावाने काढावे आणि सुनेच्याही नावाने काढावे. सवलत नोंदलेल्या कारागिराने केलेल्या मालास आहे. ज्या बाहुलीवर सर्व हात सुनेचा आणि नोंद नवऱ्याची, त्या बाहुलीविषयी उद्या कोणी वाद काढला तर काय उत्तर द्यावयाचे?

मुलीच्या अर्ध्या तासाविषयी बोलणे आम्हांस जड जाते, पण बोललेच पाहिजे. 2016 साली बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांस कामास लावण्याची बंदी पुरी केली, पण शाळेनंतर व सुटीत घरच्या धंद्यात, काम धोक्याचे नसल्यास, हातभार लावण्याची मोकळीक ठेविली. मुलाने बापाची विद्या पाहावी, हात चालवावा, यास आमचा विरोध नाही. कला अशीच उतरते. मात्र यात्रा जवळ आली, मागणी वाढली, की अर्ध्या तासाचे तीन तास होतात आणि गृहपाठ राहतो. तो पहिल्याने मुलीचाच राहतो. दुसऱ्यांच्या मुलांनी खेळावे म्हणून आपल्या मुलीचे खेळणे बुडावे, हा व्यवहार ज्या घरात चालतो तेथील बैल कितीही सुबक असो, आमच्या लेखी तो महाग आहे.

कला जातीच्या आणि उंबरठ्याच्या बाहेर पडली तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. सावंतवाडीची लाकडी फळे व रंगीत खेळणी सर्वांस ठाऊक आहेत. तेथील चितारआळी याच कामावर जगली. तेथील गंजिफा, म्हणजे हाताने रंगविलेली गोल पाने, मात्र नष्ट होण्याच्या बेतास आली होती. ती जाणणारे वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्यापासून संस्थानिक शिवरामराजे भोसले व त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी ती विद्या घेतली आणि 1970 नंतरच्या दशकात राजवाड्यातच तिचे काम सुरू केले. राजघराण्याने आश्रय दिला, यात नवल नाही. आश्रय पुष्कळांनी दिले आहेत. नवल हे, की राणीने स्वतः कुंचला हाती घेतला आणि तो शिकविला. तेथे चितारी घराण्याबाहेरची मुलेमुली बसून काम शिकली. एका जातीच्या ओसरीवर ती विद्या कोंडून राहती, तर शेवटच्या म्हाताऱ्याबरोबर गेली असती.

मोडनिंबास राजवाडा नाही. पण आश्रयदाता नाही असे नाही; तो आपल्या ध्यानात येत नाही इतकेच. गावोगावच्या अंगणवाड्या हाच आजचा आश्रयदाता होय. कै. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे आणि पुढे 1957 पासून कोसबाड येथे, अनुताई वाघ यांच्या साह्याने, शिंपले, बिया, माती, पाने अशा आसपासच्या वस्तूंतून बालशिक्षणाची साधने उभी केली. परदेशी मॉन्टेसोरी साहित्याच्या किमती आदिवासी पाड्यास परवडण्याजोग्या नव्हत्या; बाईंनी त्या किमतीपुढे हात टेकले नाहीत. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने खेळातून व खेळण्यांतून शिकविण्याचा पुरस्कार केला आहे. मग या शिक्षणास लागणारी खेळणी दूरच्या शहरातील पुरवठादाराकडून गठ्ठ्याने का मागवावयाची?

सोलापूरच्या जिल्हा परिषदेने माढे, पंढरपूर, मोहोळ या तालुक्यांच्या अंगणवाड्यांसाठी वर्षाची खेळणी एकदा ठरवावी: मातीचा बैल, चिंध्यांची बाहुली, लाकडी ठोकळे, ओढगाडी. त्यांचे नमुने सरकारी खर्चाने तपासून घ्यावे. एक नमुना तपासला म्हणजे त्या नमुन्याप्रमाणे व त्याच रंगाने काम करणाऱ्या वीस घरांचा तपासणीचा खर्च वाचतो. भाव ठरविताना लाकूड व रंग यांच्या जोडीला तासांची मजुरी किमान वेतनाच्या दराने धरावी, आणि पैसे ज्या हाताने काम केले त्याच्या खात्यावर भरावे. निविदेत लाखांच्या उलाढालीची अट घालून बसल्यास हे काम पुन्हा व्यापाऱ्याकडे जाईल. म्हणून बचत गटांस ती अट नसावी. आषाढीपूर्वी ही मागणी नक्की झाली, तर पावसाळ्याच्या मंदीच्या दिवसांत घराला काम राहील आणि कार्तिकीच्या बाजारासाठी लाकूड घेण्यापुरते भांडवल हाती येईल.