मंतरलेले यंत्र आणि सरकारी गुपिते

कचेरीतील यंत्र मंतरलेले निघून त्याने सरकारी गुपिते आपोआप छापून बाहेर टाकावीत, ही कल्पना मुलांच्या गोष्टीतच शोभेल असे कोणी म्हणेल. त्याने अमेरिकेकडे पाहावे. १९६९ साली डॅनियल एल्सबर्ग या गृहस्थाने व्हिएतनाम युद्धाविषयीचे सुमारे ७००० पृष्ठांचे गुप्त दप्तर एका जाहिरात कचेरीतील झेरॉक्स यंत्रावर रात्री जागून उतरून काढले. १९७१ च्या जूनमध्ये ते वर्तमानपत्रांत येऊ लागताच सरकार न्यायालयाकडे धावले. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी छपाईची वाट मोकळी केली.

आमच्याकडे १९२३ चा, इंग्रजी अमदानीतला गुपितांचा कायदा अद्याप जिवंत आहे. परंतु २००५ च्या माहितीच्या अधिकाराने असे ठरविले की, हानीहून लोकहित मोठे असल्यास तो जुना कायदा बाजूस ठेवूनही कागद देता यावा. नेहमीच्या कागदांस तर एवढाही खटाटोप नको. दहा रुपयांचा अर्ज, दोन रुपयांस पृष्ठ, तीस दिवसांची मुदत. याहून स्वस्त जादू कोणती?

तथापि पेठेतला रस्ता दोनदा का खणला, हे दुकानाच्या ओट्यावर तर्कानेच ठरविणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंपैकी कितीजणांनी असा अर्ज केला आहे? घरच्या वहीत एका पैशाची तफावत निघाली तर ते मुनिमास रात्रभर बसवितात. नगरपालिकेच्या वहीतला पैसाही त्यांचाच आहे. येत्या अंदाजपत्रकापूर्वी प्रत्येक पेठेतून निदान एक अर्ज जावा, अशी आमची त्यांस सूचना आहे.